पूल चालून पाहिला

मी फक्त सूप पोचवायला निघाले होते. घेवड्याचं सूप, त्यात डुकराच्या मांसाचं एक हाड, आणि फडक्यात बांधलेला मक्याचा पाव. अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी, दुपारचे साडेबारा. वेळ आधीच सांगून ठेवते, कारण लोक म्हणतात बाईला अंधारात काहीतरी भास झाला असेल. अंधार नव्हता. धुकं होतं. थंडीत वारा पडला की आमच्या नदीवर ते उतरतं आणि तीन-तीन दिवस उठत नाही. ज्याला शिवेल त्यावर बर्फाची साल चढते. तारा, झाडं, माणसाच्या पापण्या, सगळ्यांवर.

पुलावरही चढली होती. म्हणून सकाळपासून दोन्ही टोकांना साखळी लावलेली. गाड्या बंद होत्या, आणि मधल्या केबिनमध्ये म्हातारा आइनो आदल्या रात्रीपासून अडकून पडला होता. आमच्या पुलाचा मधला एक गाळा जहाजांसाठी वर उचलता येतो. तो उचलणं हे आइनोचं काम. दक्षिणेच्या टोकाला टोल घेणं हे माझं.

हा पूल सरकारचा नाही. आमच्या गावच्या बंदर मंडळाचा आहे. पाच निवडून दिलेले लोक आणि एक मॅनेजर, लुंडक्विस्ट. लोकांकडून टोल घ्यायचा आणि त्यातून पूल सांभाळायचा, इतकं ते साधं आहे. म्हणजे असायला हवं.

पूल माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वर डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. पायांखाली पाणी दिसतं. गाडी आली की जाळी गुणगुणते, आणि नुसत्या त्या आवाजावरून मी सांगायचे, ही डॉक्टरची गाडी, हा नासपतीचा ट्रक. पण जाळी जुनी झाली की वेल्डिंग तुटतं, रोज कुठे ना कुठे. म्हणून रोज पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आधी, एक माणूस सगळा पूल चालून बघायचा. हातोडीने एकेक जाळी ठोकायची. दोन ठोके. खणखणीत वाजली की पुढे. फुटकी वाजली की खात्रीला तिसरा ठोका, आणि वर पिवळ्या खडूची फुली. मग दिवसभर त्या फुल्यांवर वेल्डिंग.

तो माणूस माझा नवरा. ओडेल.

ओडेलचा डावा पाय आखूड होता, बागेतल्या शिडीवरून पडल्यापासून. त्यामुळे त्याचं चालणं लांबून कळायचं. एक पाऊल पडायचं, एक घासायचं. तोंडात कायम ती पुदिन्यासारख्या गार वासाची तंबाखू. त्याला लिहिता येत नव्हतं. मी पाचवी शिकले, मग मीही फळं तोडायला शिडीवर. पण आमच्या घरात मीच विद्वान. तो स्टोव्हपाशी बूट काढत सांगायचा, कुठला गाळा, कितवी जाळी, आणि मी पुलाच्या वहीत लिहायचे. पहिली ओळ रोज तीच: पूल चालून पाहिला. शेवटी तो आपली खूण काढायचा, गोलात फुली. वही सरकारी माणूस येऊन तपासायचा. वहीत रोजची नोंद असेल तरच पूल चालू ठेवायला परवानगी.

पंचाहत्तरच्या नोव्हेंबरात चौथ्या गाळ्याखालची फळी मोडली आणि ओडेल नदीत गेला. तिथे कठडा लावा म्हणून तीन हिवाळे तो मंडळाच्या मागे लागला होता. टोलच्या पैशातून त्या वर्षी मंडळाने श्रीमंतांच्या शिडाच्या होड्यांसाठी नवा धक्का बांधला. ओडेल सापडला नाही. त्याची हातोडीही नाही.

चौथ्या दिवशी लुंडक्विस्ट केक घेऊन आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला. खरं रडला, मी त्याला माझा रुमाल दिला.

“आर्डिस, घर मंडळाचं असलं तरी तू तुझंच समज. मी आहे तोवर तुला कोणी हलवणार नाही. फक्त वही बंद पडू देऊ नकोस. वही थांबली की पूल थांबला, आणि पूल थांबला की आपण सगळेच घरी. महिनाभरच लिही. मी नवा माणूस बघतोच आहे.”

“पण लिहू काय?”

“रोजचंच.”

“आणि खूण?”

“ती तुला येतेच की.”

येत होती. महिनाभर काढली. मग दुसरा महिना. नवा माणूस आला नाही आणि मी विचारायचं सोडून दिलं. रोज सकाळी टोलच्या खोलीत हीटर लावायचा, रेडिओ लावायचा आणि लिहायचं: पूल चालून पाहिला, सगळं ठीक आहे. खाली गोल, गोलात फुली. वाईट वाटायचं का? पहिले काही दिवस. मग सवय झाली. खोटं बोलणार नाही.

तर मी सूप घेऊन निघाले.

धुक्यात आपलाच हात कोपरापुढे दिसत नव्हता. खाली पाणी ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. ओल्या लोखंडाचा वास. पहिला गाळा झाला, दुसरा झाला, आणि समोरून, थोडं पुढून, आवाज आला.

टण् टण्.

मी थांबले. आवाजही थांबला. मग परत, अजून थोडा पुढे. टण् टण्.

खरं सांगते, मला आनंद झाला. मनात आलं, ठेवला शेवटी माणूस, बाईला सांगायचंही सुचलं नाही त्या लुंडक्विस्टला. मी हाक मारली, “ओ दादा, जरा थांबा, मीही केबिनपर्यंत येतेय!” उत्तर नाही. टण् टण्, आणि पुढे.

चौथ्या गाळ्यावर आवाज बदलला. टण् टण्... टक्. तिसरा ठोका फुटका. मग खडू घासल्याचा आवाज. मी पोचले तर बर्फाच्या सालीवर पिवळी फुली, ताजी, तिची पूड अजून वर मोकळी. पुढे दुसरी. पुढे तिसरी. मी मोजत गेले, अकरा झाल्या. अकराव्या जाळीला बुटाने नुसतं लावून पाहिलं तर ती हलली, दात हलतो तशी. मी जवळच्या लोखंडी तुळईला धरून बाजूने पलीकडे गेले. सूप सांडलं थोडं हातावर.

आणि तेव्हा तो वास आला. गार तंबाखूचा.

मी स्वतःला म्हटलं, तंबाखू काय एकटा ओडेलच खायचा? पण पुढचा चालायला लागला होता, आणि आता मी कान देऊन ऐकत होते. एक पाऊल पडत होतं. एक घासत होतं.

केबिनपर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. आइनोने दार उघडलं. सत्तरीचा फिनलंडचा माणूस, दाढीत बिस्किटाचा चुरा.

“आलीस? मला वाटलं सूप म्हणून बर्फाचा गोळा आणशील.”

“खा गुपचूप, म्हाताऱ्या. आणि ते खारवलेले मासे आधी बाजूला कर, वासाने जीव जातो.” मी बसले. हात शेकले. मग शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, “नवा माणूस कधीपासून आला रे?”

त्याचा चमचा वर जाता जाता थांबला.

“कुठला नवा माणूस?”

“माझ्या पुढे ठोकत आला तो. इथूनच गेला असेल.”

आइनोने चमचा खाली ठेवला.

“आर्डिस... तू आज पहिल्यांदा ऐकलंस?”

“पहिल्यांदा म्हणजे?”

“मी दोन वर्षं ऐकतोय.” तो खिडकीकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. “रोज पहाटे येतो. पूर्वी यायचा तसा. चौकटीवर दोन ठोके, की मी आलो. पहिल्या दिवशी मी दार उघडलं. मग नाही उघडलं कधी. बाहेर कॉफीचा कप ठेवतो. आधीही ठेवायचो ना... हात आपोआप ठेवतो.”

“पितो?”

“नाही. काठोकाठ असतो. थंडीत गोठलेला. पण आज उजाडल्यापासून थांबतच नाही तो. गाड्या नाहीत ना. चौथ्या गाळ्यापर्यंत जातो, परत येतो. परत जातो.”

मला राग आला. घाबरले की मला रागच येतो.

“आणि तू मला दोन वर्षं बोलला नाहीस? मेल्या, माझा नवरा आहे तो!”

“काय बोलू?” तो हळूच म्हणाला. “वहीत तूच लिहितेस ना, पूल चालून पाहिला म्हणून? त्याच्या खुणेने? मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं... तूच पाठवतेस.”

 ज्या माणसाने चाळीस वर्षांत एकदाही काम बुडवलं नाही, त्याच्या नावाने मी रोज हजेरी लावत होते. दुसऱ्या कोणाला पाठवलं नव्हतं. मग तोच जाणार. बुडालेला, थंड, आखूड पाय ओढत, रोज. आणि तो जे सांगत होता ते लिहिणारं कोणी नव्हतं. मी रेडिओ लावून बसले होते.

तेवढ्यात केबिनचा फोन वाजला. लुंडक्विस्ट.

“आर्डिस, तिथेच आहेस का? बरं झालं. उत्तरेच्या टोकाला शाळेची बस अडकलीय, मुलींचा बास्केटबॉलचा संघ, चारला सामना आहे. मी तिकडची साखळी काढायला सांगितलीय. तू परत गेलीस की आजचं लिहून टाक.”

“बर्फ आहे, साहेब.”

“मीठ टाकलंय.”

“मिठाने लोखंड सडतं, ते ओडेलने तुम्हाला सांगितलं होतं. चौथा गाळा गेलाय. अकरा जाळ्या मोकळ्या आहेत. बस थांबवा.”

“कोण म्हणतं?”

मी आइनोकडे पाहिलं. “ओडेल.”

 पलीकडून लुंडक्विस्टचा आवाज आला, अगदी मऊ, शेजारी कोणीतरी बसलं असावं आणि त्याला ऐकू जाऊ नये तसा.

“कालपर्यंत सगळं ठीक आहे असं तूच लिहिलंयस, आर्डिस. जवळजवळ आठशे दिवस. एका रात्रीत अकरा जाळ्या जात नाहीत. काही झालंच, तर लोक वही उघडतील. त्या वहीत माझं एक अक्षर नाही.”

फोन ठेवला त्याने.

मला एकदम माझा रुमाल आठवला. त्याने तो परत दिला नव्हता कधी.

“काय म्हणाला?” आइनोने विचारलं. मला सांगावं लागलं नाही. उत्तरेकडून गुणगुण सुरू झाली होती. जड, खर्जातली. बस. आधी आमचा उचलता गाळा लागणार, आणि त्यानंतर तीन गाळे गेले की चौथा.

“गाळा उचल,” मी म्हटलं.

“जहाज नाहीये.”

“उचल म्हणते ना!”

“बोटभर बर्फ आहे सांध्यांत. वर गेला तर खाली येणार नाही.”

“मग फारच चांगलं.”

“आर्डिस, मला काढून टाकतील गं. सत्तरीला कोण ठेवणार मला? माझ्याकडे ही केबिन आणि मासे, एवढंच...”

चौकटीवर ठोका पडला.

टण् टण्.

आम्ही दोघंही हललो नाही. काचेवर बर्फ होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं. आइनोचे ओठ हलत होते, तो वाट बघत होता की ठोके पुढे जातील. रोज जायचे.

टक्.

“तिसरा...” आइनो म्हणाला. “तिसरा कधी मारला नव्हता...”

आणि त्याने दांडा ओढला.

घंटा सुरू झाली. फाटकं पडली. आधी काहीच झालं नाही, नुसती मोटर रडत राहिली, मग सगळं लोखंड एकदम कण्हलं आणि बर्फाच्या लाद्या खाली नदीत कोसळायला लागल्या. केबिन त्या गाळ्यावरच आहे, गाळ्याबरोबर वर जाते. खाली धुक्यात दोन पिवळे दिवे आले, फाटकापाशी थांबले. बसमध्ये पोरी गाणं म्हणत होत्या. गाणं मध्येच तुटलं.

आम्ही वर जात राहिलो, आणि एकाएकी खिडकीत ऊन आलं. धुक्याच्या वर निघालो होतो. निळं आभाळ, खाली सगळीकडे कापूस पिंजून ठेवल्यासारखं पांढरं. नदी नाही, गाव नाही. आणि त्या पांढऱ्याच्या तळाशी, दक्षिणेकडे, माझ्या घराकडे, हातोडी चालली होती. टण् टण्. टण् टण्. लांब लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शिडीने उतरवलं. बस मागे गेली होती. गाळा सहा दिवस वरच अडकून राहिला, त्यामुळे सरकारी माणसाला यावंच लागलं. त्याने चौथ्या गाळ्यावर जाळ्या मोजल्या. अकरा. फुली एकही नव्हती. बर्फ उतरला, म्हणाले, त्याबरोबर खडू असेल तर उतरला असेल.

पण त्याच्याआधी, शिडीवरून उतरल्या उतरल्या, मी टोलच्या खोलीत गेले आणि वहीत लिहिलं: चौथा गाळा, अकरा जाळ्या मोकळ्या. ओडेल प्रुइट पंचाहत्तर साली मेला. त्याचं काम संपलं. खाली खूण काढली नाही. त्यानंतर आइनोला पहाटेचे ठोके ऐकू आले नाहीत. मी रडले तेव्हा. आधी रडले नव्हते.

पंधरा दिवसांनी लुंडक्विस्ट कागद घेऊन आला. या वेळी केक नव्हता.

“मेलेल्या माणसाची खूण करणं म्हणजे तुरुंग, आर्डिस. मी मंडळाला समजावलंय. यावर सही केलीस की विषय संपला.”

“काय लिहिलंय?”

“हेच, की इतके दिवस ओडेलच्या जागी तूच पूल बघत होतीस. मंडळानेच तुला नेमलं होतं. दुःखाच्या भरात तू खूण त्याची काढलीस, बस. कोणाचंच वाकडं होत नाही.”

शब्द लांब लांब होते. मी बोट ठेवून वाचत होते, तिसऱ्या ओळीपर्यंत गेले. तो घड्याळ बघत होता. आणि मूर्ख बाई मी, मला वाटलं, हा माणूस एकदा माझ्या स्वयंपाकघरात रडला आहे. मी सही केली.

महिनाअखेर घर खाली करायची नोटीस आली. बाहेरगावचे वेल्डर चार दिवस येऊन गेले, त्यांच्यासोबत मंडळाचा फोटो पेपरात आला, पुलाच्या देखभालीसाठी म्हणून टोल पाव डॉलरने वाढला. मी माझ्या बहिणीकडे आले, ओपलकडे, ऐंशी मैल आत. कोरडं, सपाट गाव. नदी नाही, पूल नाही.

इथे आल्यापासून मला झोप लागत नाही म्हणावं तर लागते, पण उठते ती दमून. गुडघे दुखतात. दाराशी ठेवलेले बूट ओले असतात. मी ओपलला बोलले, तुझं छप्पर गळतंय. ती म्हणाली, पाऊस कुठाय?

आज सकाळी आइनोचा फोन आला. गाळा उचलणारा दुसरा कोणी मिळेना म्हणून त्याला ठेवलंय अजून.

“बरी आहेस ना?” त्याने विचारलं. मग परत विचारलं. “म्हणजे... बरी आहेस ना?”

“जिवंत आहे, म्हाताऱ्या. काय झालं?”

“नवा माणूस त्यांनी ठेवलाच नाही. नवी वही आलीय, ती लुंडक्विस्टच्या टेबलावर असते. ऑफिसात टाइप करून चिकटवतात रोज. पूल चालून पाहिला. खाली नाव तुझं.”

“माझं? मी तर इथे आहे!”

“तू सही केलीस त्या कागदात ‘इतके दिवस आणि यापुढेही’ असं होतं म्हणे.”

मी दाराशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं.

“पहाटे परत ठोके येतात, आर्डिस. महिना झाला. पण आता पाय घासत नाही. पावलं हलकी आहेत. बाईची...”  त्याचा श्वास ऐकू येत होता. “मी कप ठेवतो बाहेर. तुला आवडते तशी, दोन चमचे साखर. ओडेलचा कधी संपला नाही. आज मी दार उघडलं तर कप रिकामा होता.”

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात आले आणि उभी राहिले.

ओपलने पाच वर्षांपूर्वी मॉर्मन पंथ घेतला, त्यात कॉफी वर्ज्य. तिच्या घरात कॉफीचा दाणा येत नाही, मी गाव सोडल्यापासून कॉफी चाखलेली नाही.

आणि सकाळपासून माझी जीभ भाजलेली आहे.